वेळेवर लक्षात येण्यासाठी

बाळंतपणात किती रक्त गेले, हे डोळ्यांनी नीट सांगता येत नाही. परिचर्येची पाठ्यनिर्देशिका, म्हणजे शिक्षिका, म्हणून हे वाक्य मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते, आणि काही विद्यार्थिनींच्या चेहऱ्यावर अविश्वास स्पष्ट दिसतो. कारण प्रसूतिगृहातल्या अनुभवी सिस्टरांनी एका नजरेत ‘दोनशे एमएल’ असे म्हणून तोच आकडा केसपेपरवर लिहिलेला त्यांनी पाहिलेला असतो. अनुभवाचा मी अनादर करत नाही. परंतु रक्त चादरीत मुरते, गॉजच्या घड्यांमध्ये शिरते, गर्भजलात आणि लघवीत मिसळते, टेबलाच्या कडेवरून ओघळते, आणि या सगळ्याची मनातल्या मनात बेरीज करणारी सिस्टर त्याच वेळी बाळाला पुसत असते, नाळ बांधत असते, वार पूर्ण पडली की नाही हे तपासत असते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेली एक तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. मोजपट्टी छापलेल्या पिशवीत जमा झालेले रक्त आणि डोळ्यांनी केलेला अंदाज यांची ती तुलना होती, आणि अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरला होता.

ही तूट कागदावर किरकोळ वाटते. पण पूर्ण दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते, आणि वार सुटल्यावर गर्भाशयाचे स्नायू घट्ट आवळले गेले तरच त्या उघड्या रक्तवाहिन्या बंद होतात. म्हणून आम्ही शिकवतो की पोटावर हात ठेवल्यावर गर्भाशय कपाळासारखे टणक लागले पाहिजे. ते मऊ लागले तर तिथून हलायचे नाही. तरुण स्त्रीचे शरीर बराच काळ आपला रक्तदाब टिकवून धरते. नाडी आधी वाढते, रक्तदाब नंतर कोसळतो, आणि जिचे लक्ष फक्त रक्तदाबाच्या आकड्याकडे असते, तिला धोका कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यात आपल्याकडे १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा ५४.२ टक्के होता. धडधाकट स्त्री ज्या रक्तस्रावातून सावरते, तेवढाच रक्तस्राव हिमोग्लोबिन सातवर असलेल्या बाळंतिणीला सोसत नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या ज्या मोठ्या अभ्यासासाठी ही मोजपट्टीची पिशवी वापरली गेली, त्याची आठवण मी वर्गात मुद्दाम करून देते, कारण त्याचा कणा एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिका-प्रसविका, होत्या. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात ग्रामीण भागातल्या १,६२० स्त्रियांवर हा अभ्यास झाला. घरी किंवा आरोग्य उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या एएनएमनी निम्म्या स्त्रियांना बाळ जन्मल्याबरोबर गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि निम्म्या स्त्रियांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. ऑक्सिटोसिन हे त्याच कामाचे अधिक चांगले औषध असले, तरी ते इंजेक्शन थंडाव्यात ठेवावे लागते, आणि त्या काळच्या उपकेंद्रात वीज आणि शीतपेटी यांची खात्री नव्हती. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले तेव्हा चर्चा प्रामुख्याने गोळीची झाली. मला मात्र त्या एएनएमच्या हातातली पिशवी तेवढीच महत्त्वाची वाटते, कारण कंदिलाच्या उजेडात, ओसरीवर, सासू आणि जावा भोवती उभ्या असताना रक्त मोजून लिहिता येते हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात २ लाखांहून अधिक स्त्रियांच्या योनिमार्गे झालेल्या प्रसूतींचा समावेश होता. निम्म्या रुग्णालयांत प्रत्येक बाळंतिणीखाली मोजपट्टीची पिशवी ठेवली गेली, आणि रक्त ठरावीक रेषेवर पोहोचले की गर्भाशयाची मालिश, गर्भाशय आवळणारे औषध, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, शिरेतून सलाईन आणि रक्तस्रावाचे कारण शोधण्यासाठी तपासणी या गोष्टी एकापाठोपाठ एक, आधीच्या गोष्टीचा परिणाम पाहत न थांबता, करायच्या असे ठरवले गेले. उरलेल्या रुग्णालयांत नेहमीची पद्धत चालू राहिली. एक लिटरहून अधिक रक्तस्राव, रक्तस्रावामुळे पोट उघडून शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण पहिल्या गटात १.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ४.३ टक्के होते. म्हणजे गंभीर परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी घटले.

या अभ्यासातील मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा दुसराच आहे. नेहमीच्या पद्धतीने काम चाललेल्या रुग्णालयांत, अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी जेमतेम निम्म्या स्त्रियांच्या बाबतीत तो लक्षात आला होता. पिशवी वापरणाऱ्या रुग्णालयांत ९३ टक्क्यांच्या बाबतीत तो लक्षात आला. या सगळ्या उपायांत नवे औषध एकही नव्हते, नवे यंत्र नव्हते, आणि मालिश तर आमच्या मूळ अभ्यासक्रमातच असते. बदल एवढाच झाला की धोका लवकर कळू लागला आणि ज्या परिचारिकेला किंवा मिडवाइफला, म्हणजे प्रशिक्षित प्रसविकेला, तो कळला, तिला पुढचे पाऊल उचलण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागली नाही. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली आणि ५०० मिलिलिटरची जुनी मर्यादा गाठण्याची वाट न पाहता, रक्तस्राव ३०० मिलिलिटर झाला असताना नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला तर उपचार सुरू करावेत असे सांगितले. रक्तक्षय असलेल्या आपल्या स्त्रियांसाठी हा बदल फार मोलाचा आहे. पण ३०० मिलिलिटर ओळखायचे तर अंदाज चालणार नाही, आणि नाडी बिघडलेली दिसायची तर दर पंधरा मिनिटांनी ती मोजणारी व्यक्ती बाळंतिणीजवळ असली पाहिजे.

महाराष्ट्रात आता जवळपास ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७ होते, आणि या यशात रात्रीबेरात्री बाईला समजावून गाडीत बसवणाऱ्या आशा ताईंचा वाटा फार मोठा आहे. मात्र बाई दवाखान्याच्या दारात पोहोचली की आपले काम संपते, अशी एक समजूत या यशाबरोबर आली. वास्तविक ती दारात आली म्हणजे जबाबदारी पूर्णपणे आपल्याकडे आली. यापुढे मातामृत्यू कमी करायचे असतील, तर खोलीच्या आत, वार पडल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत काय होते, हे पाहावे लागेल. आणि त्या दोन तासांत खोलीत बहुतेक वेळ कोण असते, तर परिचारिका.

लवकर लक्षात येण्याने काय साधते याचा दुसरा पुरावा गडचिरोलीतून आला, तोही या अभ्यासांच्या आधी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि इतर ४७ गावांशी त्याची तुलना केली. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे शिकवले गेले. ही लक्षणे साधी आहेत: आधी जोराने रडणारे बाळ क्षीण रडू लागते, अंगावर ओढायचे सोडते, हातपाय ढिले पडतात, अंग गार लागते. आईला हे बहुधा आधी जाणवलेले असते, पण तिचे म्हणणे घराबाहेर जात नाही. या आरोग्यदूतांनी ते ऐकले, ठरलेल्या निकषांशी ताडून पाहिले आणि पालकांच्या संमतीने घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा निव्वळ ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. १९९९ च्या डिसेंबरमध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला तेव्हा, सुईणीपलीकडे कोणीही नसलेल्या गावांत मृत्यू इतके घटू शकतात यावर अनेकांचा विश्वास बसला नव्हता.

२०११ पासून ‘घरच्या घरी नवजात बालकाची काळजी’ हा कार्यक्रम देशभर आशांमार्फत सुरू झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने भेटायचे असते, आणि या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की तिला २५० रुपये मिळतात. गडचिरोलीतल्या प्रयोगातला एक भाग मात्र या कार्यक्रमात आशांकडे आला नाही, तो म्हणजे इंजेक्शन. सुरक्षिततेच्या कारणाने हा निर्णय झाला आणि त्या कारणांना मी क्षुल्लक म्हणणार नाही; जेंटामायसिनचा डोस चुकला तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होऊ शकते. परंतु परिणाम असा झाला की ओळखायचे काम तिच्याकडे आले आणि ओळखल्यावर करायचे काम दुसऱ्या कोणाकडे राहिले. ज्या पाड्यावरून पावसाळ्यात गाडी निघत नाही, तिथे ओळखलेला आजार कागदावर राहतो. प्रयोगातून सिद्ध झालेली गोष्ट व्यवस्थेत येताना तिचा कोणता भाग गळतो आणि का, हा सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनातला आजचा कळीचा प्रश्न आहे असे मला वाटते, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा औषधशास्त्रात सापडत नाही.

ते सापडते अधिकारांच्या उतरंडीत. पुण्यात सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने विधवांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवले, तेव्हा परक्या माणसांच्या अंगाला हात लावण्याचे, मलमूत्र काढण्याचे काम चांगल्या घरच्या बायकांनी करावे का, असा प्रश्न समाजाने विचारला होता. त्या स्त्रियांनी तो विरोध सोसून हा व्यवसाय उभा केला. पण हे काम सांगितलेले करण्याचे आहे, ठरवण्याचे नाही, हा समज त्या काळातून आमच्यापर्यंत आला आणि टिकला. वीस वर्षे प्रसूतिगृहात काढलेली अधिपरिचारिका आजही नवख्या निवासी डॉक्टरला फोन करून ‘सर, ब्लीडिंग जरा जास्त वाटतंय’ असे चाचरत सांगते. तिच्या हातात मोजलेला आकडा असेल तर तिला चाचरावे लागत नाही. ‘सर, चारशे एमएल झालंय, नाडी एकशे वीस आहे, ऑक्सिटोसिन चालू केलंय, तुम्ही या’ असे ती सांगू शकते. मोजमाप हे परिचारिकेच्या हातातले बळ आहे, हे विद्यार्थिनींना पटवण्यासाठी मी हे दोन फोन वर्गात करून दाखवते. भारत सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देऊन सामान्य बाळंतपणे स्वतंत्रपणे हाताळू देण्याचा मार्ग उघडला, ही मला या क्षेत्रातली अलीकडची सर्वांत आशादायक घडामोड वाटते. प्रशिक्षित होऊन परतलेल्या मिडवाइफला पुन्हा जुन्याच पाळीत, जुन्याच कामाला लावले जाऊ नये, एवढी काळजी प्रत्येक रुग्णालयाने घेतली पाहिजे.

आता वेळेविषयी. पिशवी आणि अधिकार दोन्ही दिले, तरी जिच्याकडे एका रात्री चाळीसहून अधिक रुग्ण आहेत तिच्या काही लक्षात यायचे कसे? अशा रात्री मी स्वतः काढल्या आहेत. सलाईन बदलणे, इंजेक्शने, नवा दाखल झालेला रुग्ण, नातेवाइकांचे प्रश्न आणि ओव्हर देण्यासाठीची, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवण्यासाठीची, नोंद, यांत रात्र सरते, आणि कोपऱ्यातल्या खाटेवरचा शांत झोपलेला माणूस झोपलेला आहे की ग्लानीत आहे, हे पाहायला जाणे राहते. अमेरिकेत परिचर्या-संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २००२ मध्ये असे मांडले की परिचारिकेकडे प्रत्येक जादा रुग्ण आला की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांत तोच निष्कर्ष निघाला. शिवाय पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी घटते, असेही दिसले. कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून २००४ पासून परिचारिकेमागे किती रुग्ण असावेत याची मर्यादा घातली. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आपल्याकडेही आहेत: अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, आणि रजेसाठी ३० टक्के राखीव. हे निकष विद्यार्थिनी परीक्षेत बिनचूक लिहितात आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात जातात, तेव्हा त्यांना दिसणारे चित्र अगदी वेगळे असते. शिक्षिका म्हणून मला याची लाज वाटते, जरी ती पदे भरणे माझ्या हातात नाही.

माणूस कमी पडला की कामातले काय गळते, यावरही आता भरपूर संशोधन आहे. परिचर्या-संशोधक बिअट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये रुग्णालयांतल्या परिचारिकांशी बोलून, नेहमी राहून जाणाऱ्या कामांची नोंद केली: रुग्णाला चालवणे, कूस बदलणे, वेळेवर भरवणे, समजावून सांगणे, धीर देणे, अंग पुसणे, पिण्याच्या आणि लघवीच्या मोजमापांची नोंद, आणि लक्ष ठेवणे. यादी वाचताना प्रत्येक परिचारिकेला ती आपल्या वॉर्डची वाटेल. इंजेक्शन चुकले तर विचारणा होते, म्हणून ते चुकत नाही. कूस बदलायची राहिली तर त्या पाळीत कोणालाच कळत नाही, चार दिवसांनी माकडहाडावर लाल डाग दिसतो आणि तोवर पाळ्या बदललेल्या असतात. या एका कामाचे मोल काय असते हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी दाखवले आहे. त्यांची सहकारी अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच होती, आणि अंथरुणाला खिळलेल्या तिच्या शरीरावर त्यांनी इतक्या वर्षांत बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, होऊ दिला नाही. त्यांच्या सेवेची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. त्या निकालाची चर्चा इच्छामरणाच्या कायद्याच्या अंगाने खूप झाली. परिचर्येच्या अंगाने ती व्हायला हवी तेवढी झाली नाही. काही पिढ्यांच्या परिचारिकांनी, बदल्या आणि निवृत्त्या होत असताना, एका शरीराची काळजी एकमेकींच्या हाती सोपवत नेली. ओव्हर देणे या रोजच्या कामाची याहून मोठी साक्ष मला ठाऊक नाही.

कमी वजनाच्या बाळांविषयीच्या संशोधनातही हाच धागा आहे. कांगारू पद्धतीने, म्हणजे आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून काळजी घेणे, हे १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियात सुरू झाले आणि आपल्याकडेही बरीच वर्षे चालू आहे. मात्र बाळ स्थिर झाल्यावरच ते सुरू करायचे असा नियम होता. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारतातील पाच रुग्णालयांत, ज्यांत दिल्लीचे सफदरजंग होते, हा नियम पारखून पाहिला गेला. सुमारे १ किलो ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांपैकी ज्यांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी दिले, त्यांच्यातील मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला. २०२१ मध्ये आलेल्या या निष्कर्षांचा अर्थ असा आहे की आजारी नवजात बाळाच्या कक्षात आईला चोवीस तास जागा हवी, तिला स्वतःची खाट हवी, आणि तिथल्या परिचारिकेला बाळाबरोबर बाळंतिणीचीही काळजी घेता आली पाहिजे. आपल्या अनेक जिल्हा रुग्णालयांत आया नवजात कक्षाबाहेरच्या पॅसेजमध्ये सतरंजीवर बसून असतात आणि दूध पाजायला हाक आली की आत जातात. त्यांना आत घ्यायचे तर भिंती, खाटा आणि पाळ्यांची रचना बदलावी लागेल, आणि ती बदलावी असे मला मनापासून वाटते. छातीशी धरलेल्या बाळाचा श्वास थांबला तर ते आईला पहिल्यांदा कळते. कोणत्याही मॉनिटरइतकीच तिथे तिची गरज आहे.

उपकेंद्राच्या पातळीवर वेळ खाणारी गोष्ट निराळी आहे. सपाट भागात ५ हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. तिथल्या आरोग्य सेविकेकडे गरोदर मातांची नोंद, लसीकरण, कुटुंबनियोजन, क्षयरोग, हिवताप यांबरोबर आता मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगाची तपासणीही आली आहे. कामे योग्यच आहेत. महाराष्ट्राच्या खेड्यात आज अर्धांगवायूने पडलेला पन्नाशीचा माणूस दिसतो, त्याचा रक्तदाब दहा वर्षांपूर्वी कोणीतरी मोजायला हवा होता. परंतु प्रत्येक कार्यक्रमाबरोबर एक रजिस्टर आले, मग एक ॲप आले, आणि ॲप आले म्हणून रजिस्टर गेले नाही. तीच माहिती दोनदा, तीनदा भरली जाते. भेट देण्यापेक्षा भेटीची नोंद अधिक तपासली जाऊ लागली की साहजिकच नोंद आधी केली जाते. माहिती हा सार्वजनिक आरोग्याचा आधार आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच घाईने भरलेली माहिती पाहून वाईट वाटते. रक्तदाबाच्या रकान्यात ओळीने १२०/८० दिसते तेव्हा तो सेविकेचा दोष मानून नोटीस काढली जाते, आणि तेवढ्या वेळात तेवढ्या लोकांचे दंड बांधून खरोखर मोजणे शक्य होते का, हे विचारले जात नाही.

यातल्या अनेक जणी कंत्राटी आहेत, आणि आशा तर मानधनावर आणि कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर काम करणाऱ्या ‘स्वयंसेविका’ मानल्या जातात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये समिती नेमायला सांगितली; पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २० हजार रुपये पगार असावा अशी तिची शिफारस होती. आजही माझ्या अनेक माजी विद्यार्थिनी याहून कमी पगारावर काम करून दोन वर्षांत परदेशी भाषेच्या वर्गात नाव घालतात. त्यांना मी थांबवत नाही. जगात २०२३ मध्ये सुमारे ५८ लाख परिचारिका कमी होत्या, आणि श्रीमंत देश ती तूट आपल्यासारख्या देशांतून भरून काढणार हे उघड आहे. आपण त्यांना इथे राहण्याजोगे काय देतो, याचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे.

शेवटी संशोधन कोण करते, हा आमच्या व्यवसायाचा स्वतःचा प्रश्न. वर सांगितलेल्या अभ्यासांत माहिती गोळा करणारे, मोजणारे, इंजेक्शन देणारे हात बव्हंशी परिचारिकांचे आणि गावातल्या स्त्रियांचे होते, परंतु आपल्याकडे प्रश्न ठरवणाऱ्यांत परिचारिका फार कमी असतात. आमच्या पदव्युत्तर प्रबंधांची शीर्षके पाहिली तर ‘अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’ हा साचा वर्षानुवर्षे दिसतो. आधी प्रश्नावली, मग अर्ध्या तासाचे व्याख्यान, सात दिवसांनी तीच प्रश्नावली, आणि ज्ञान वाढल्याचा निष्कर्ष. ज्ञान वाढल्याने वॉर्डात काय बदलले, हे त्यात विचारलेले नसते. यासाठी मी विद्यार्थिनींना दोष देणार नाही. सहा-आठ महिन्यांत, पैशाविना, रुग्णाच्या कागदांना हात लावण्याची परवानगी नसताना, असाच अभ्यास होऊ शकतो. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा आला आहे. नव्या आयोगाने अभ्यासक्रमाबरोबर या प्रबंधांकडेही पाहावे.

मार्गदर्शक म्हणून मी अलीकडे विद्यार्थिनींना एकाच वॉर्डात, एका महिन्यात, परिचारिकेला स्वतः करता येतील असे विषय सुचवते. प्रसूतिगृहाच्या रजिस्टरमधल्या रक्तस्रावाच्या नोंदी घ्या आणि त्यात शंभर, दोनशे असे पूर्ण आकडे किती आहेत ते पाहा. मग मोजपट्टीची पिशवी वापरून पुढच्या नोंदींशी त्यांची तुलना करा. प्रत्येक पाळीत किती परिचारिका आणि किती रुग्ण होते हे तारखेसह लिहा, कारण आपल्या बहुतेक रुग्णालयांत हा आकडा हजेरीपटात असतो, रुग्णांच्या परिणामांशेजारी कधी ठेवला जात नाही. कूस बदलल्याची वेळ लिहिणारा तक्ता खाटेला लावा आणि रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात तो किती वेळा रिकामा राहतो ते मोजा. बाळ आईच्या छातीशी दिवसातले किती तास होते ते आईलाच लिहायला सांगा. यांतल्या कोणत्याही विषयाला मोठा निधी लागत नाही. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची साथ, नैतिकता समितीची परवानगी आणि वाईट आकडा निघाला तरी तो लिहू देणारा अधिष्ठाता लागतो. पहिला विषय यंदा दोघींनी मागून घेतला आहे.